घरच्या घरी लाकडी कर्णा : ३०० हर्ट्झचा ट्रॅक्ट्रिक्स, त्याचे गणित आणि सुतारकाम

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

थ्री-हंड्रेड-बी ही ॲम्प्लिफायरमधली निर्वात ट्यूब एकेरी जोडणीत (म्हणजे एकच ट्यूब वापरून) जेमतेम ८ वॅट देते. नेहमीचा पेटीबंद स्पीकर १ वॅटला १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतो असे धरले, तर या ट्यूबवर तो कसाबसा ९६ डेसिबलपर्यंत पोचतो आणि तबल्यावर जोरकस थाप पडली की ॲम्प्लिफायरचा दम निघतो. तोच सिग्नल १०५ डेसिबल संवेदनशीलतेच्या कर्ण्याला (हॉर्न स्पीकरला) दिला, तर १८ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे तेवढ्याच आवाजाला त्रेसष्टाव्या हिश्श्याएवढी ताकद पुरते. कर्ण्याच्या नादी लागण्याचे हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की पडद्याला फार कमी हलावे लागते, त्यामुळे आवाज मोठा केला तरी तो ताणल्यासारखा येत नाही.

कर्णा आवाज 'वाढवतो' असे सर्रास म्हटले जाते, परंतु तो बाहेरून कोणतीही ऊर्जा घालत नाही. स्पीकरचा पडदा जड असतो आणि हवा हलकी. उघड्या हवेत पडदा हलतो तेव्हा त्याची बहुतेक ताकद वाया जाते आणि साध्या स्पीकरमध्ये विजेच्या सुमारे १ टक्काच ध्वनी बनतो. कर्ण्याच्या अरुंद घशात हवा कोंडलेली असल्यामुळे पडद्याला पुरेसा भार मिळतो, आणि घसा हळूहळू रुंदावत गेल्यामुळे तो दाब न अडखळता खोलीतल्या मोकळ्या हवेत उतरतो. हा उतार कोणत्या वेगाने रुंदावतो, यावर कर्णा किती खालच्या स्वरापर्यंत काम करील हे ठरते.

मी घशाचा व्यास १ इंच आणि खालची मर्यादा ३०० हर्ट्झ धरली आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर घेतला, तर ३०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११५ सेंटिमीटर येते. कर्ण्याच्या तोंडाचा परीघ निदान एवढा असावा असा संकेत आहे, म्हणून तोंडाचा व्यास साडेछत्तीस सेंटिमीटर होतो. एक्स्पोनेन्शियल पद्धतीने (समान अंतरागणिक क्षेत्रफळ समान पटीने वाढवत) काढल्यास लांबी साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास येते, तर ट्रॅक्ट्रिक्स वक्राने तेच काम ४३ सेंटिमीटरमध्ये होते. (आपल्याकडच्या मे महिन्यात ध्वनीचा वेग ३४९ पर्यंत जातो. त्याने जो दीड टक्क्याचा फरक पडतो, त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे.)

ट्रॅक्ट्रिक्स हा वक्र इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९२० च्या दशकात कर्ण्यासाठी वापरला. त्याचे वैशिष्ट्य असे की तोंडाशी येता येता तो अक्षाशी काटकोन करून बाहेर वळतो. माझ्या मापांत बोलायचे तर तोंडाशी त्रिज्या सव्वाअठरा सेंटिमीटर आहे. तिथून केवळ १.४ सेंटिमीटर आत गेल्यावर ती १५ होते, ६.८ सेंटिमीटरवर १०, १८.४ सेंटिमीटरवर ५ आणि ३०.८ सेंटिमीटरवर अडीच. उरलेल्या १२ सेंटिमीटरभर ती सावकाश कमी होत घशाच्या १.२७ वर येते. म्हणजे तोंडाकडे सगळी घाई आणि घशाकडे सगळा संथपणा. सुतारकामाच्या अडचणी कुठे येणार, ते या आकड्यांतच दिसते.

बांधणीसाठी मी प्लायवूडच्या कड्यांची पद्धत निवडली आहे. १८ मिलिमीटर जाडीच्या २४ कड्या एकावर एक चिकटवल्या की ४३ सेंटिमीटर पूर्ण होतात. भिंतीची जाडी तीन सेंटिमीटर ठेवली, तर आठ बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये दोन्ही कर्णे आरामात बसतात. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचे मरीन घ्यावे. ते जलरोधक आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या गाभ्यात पोकळ्या कमी निघतात म्हणून. स्वस्त कमर्शिअल प्लाय घासता घासता मध्येच भोक उघडे पडते आणि मग तिथे पुट्टी भरत बसावे लागते.

प्रत्येक कडीचे आतले भोक तिच्या घशाकडच्या बाजूच्या त्रिज्येएवढे कापायचे. सगळ्या कड्या चिकटवल्यावर आत पायऱ्या दिसतात आणि प्रत्येक पायरीचा आतला कोपरा नेमका वक्रावर असतो. कानस आणि पॉलिश पेपर चालवून पुढे आलेली धार कोपऱ्याला मिळेपर्यंत घासायची आणि कोपरा दिसेनासा झाला की थांबायचे. फर्मा हाताशी नसला तरी हात चुकत नाही, कारण प्लायचे गडद-फिके थर समोच्चरेषांसारखे गोल उमटत जातात आणि एका बाजूला जास्त घासले गेले तर ती रेषा लगेच लंबगोल दिसू लागते.

हे वाचून कोणाच्या शंका असतील तर जरूर विचाराव्यात. ज्यांनी पाकळ्यांची पद्धत (घशाकडून तोंडाकडे रुंदावणाऱ्या उभ्या पट्ट्या कडेला कड जोडून) वापरली आहे त्यांनी तीही मांडावी.


रंधा_पटाशी

गणित उत्तम मांडले आहे. सुतारकामाबद्दल दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

कड्या जिगसॉने कापण्यापेक्षा देवघराची जाळी कापणाऱ्या सीएनसीवाल्याकडे द्याव्यात. अशी दुकाने आता तालुक्याच्या गावीही आहेत. संगणकावर काढलेली वर्तुळे त्यांना दिली की तासाभराचे काम असते. मात्र त्यांना लगतच्या कड्यांत खुंटीसाठी दोन-दोन भोके एकमेकांसमोर येतील अशी पाडायला सांगावे. फेविकॉल लावलेल्या कड्या शिकंजा आवळताच एकमेकींवरून घसरतात, आणि ८ मिलिमीटरच्या लाकडी खुंट्या असल्याशिवाय २४ थर एका अक्षात राहत नाहीत.

दुसरे म्हणजे सगळे थर एकदम चिकटवू नयेत. घशाकडच्या सात-आठ कड्यांचा गठ्ठा वेगळा ठेवून तो आधी आतून पूर्ण घासून घ्यावा. पूर्ण कर्णा जुळल्यावर अडीच सेंटिमीटरच्या बोळात हात जात नाही, आणि काठीला पॉलिश पेपर गुंडाळून घासलेला घसा गोल राहत नाही. सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे आणि हाताला सर्वांत अवघडही तोच.


कोकणी_माणूस

आमच्याकडे पडवीत फणसाच्या जुन्या फळ्या पडून आहेत, चांगल्या मुरलेल्या. प्लायऐवजी त्या कड्यांसाठी वापरल्या तर चालतील का? प्लायवूडला भरीव लाकडाचा गोडवा येईल असे मनाला पटत नाही. शिवाय सागाचा कर्णा उबदार वाजतो असेही बऱ्याच ठिकाणी वाचले आहे.


मंद्रसप्तक (धागाकर्ता)

@कोकणी_माणूस, कड्यांसाठी भरीव लाकूड वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते ते रेषांना आडवे फुगते, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. भरीव फळीतून कापलेली गोल कडी त्यामुळे आषाढात लंबगोल होते आणि वैशाखात परत येते. अशा चोवीस कड्या एकमेकींना चिकटलेल्या असल्या की कुठेतरी चीर पडणारच, आणि कोकणातल्या हवेत तर ती पहिल्याच वर्षी पडेल. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असल्यामुळे ही ओढाताण आपोआप सांभाळली जाते.

गोडव्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. सतारीची तबली किंवा व्हायोलिनचे पोट थरथरावे अशीच रचना असते, कारण तिथे लाकूड हाच ध्वनी उत्पन्न करणारा भाग आहे. कर्ण्याच्या भिंतीने मात्र अजिबात थरथरू नये, अशी अपेक्षा आहे. ती जितकी निर्जीव, तितकी चांगली. ॲल्युमिनियमच्या ओतीव कर्ण्यावर टिचकी मारली तर तो घंटेसारखा वाजतो, आणि म्हणूनच आल्टेक या अमेरिकन कंपनीच्या ५११ आणि ८११ या प्रसिद्ध धातूच्या कर्ण्यांना हौशी मंडळी बाहेरून डांबरी लेप देतात. तीन सेंटिमीटर जाडीचे प्लाय टिचकीला नुसता 'ठक' असा आवाज देऊन गप्प होते. लाकडाचा फायदा एवढाच, आणि तो पुरेसा आहे. इंग्लंडमधल्या ई.एम.जी. कंपनीचे हाताने बनवलेले ग्रामोफोन आजही नावाजले जातात आणि त्यांचे भलेमोठे कर्णे कागदाच्या लगद्याचे होते. आकार बरोबर असला की कागदही वाजतो. आकार चुकला तर शिसवीही उपयोगाची नाही.

आपल्या फळ्या वाया घालवू नका. खालच्या पेटीला दर्शनी पट्ट्या म्हणून किंवा कर्ण्याच्या घोडीसाठी फणस छान दिसेल.


वर्तुळपाद

मी पाकळ्यांच्या पद्धतीने कर्णा केला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. बारा पाकळ्या घेतल्या तर प्रत्येकीच्या कडेला १५ अंशांचा उतार द्यावा लागतो, आणि कोणत्याही ठिकाणी पाकळीची रुंदी त्या ठिकाणच्या त्रिज्येच्या ०.५४ पट येते. म्हणजे मंद्रसप्तक यांच्या मापांत तोंडाशी पावणेदहा सेंटिमीटर आणि घशाशी जेमतेम सात मिलिमीटर. या पद्धतीत लाकडाच्या रेषा घशाकडून तोंडाकडे जातात, त्यामुळे भरीव लाकूडही वापरता येते आणि तयार वस्तू दिसायला फार देखणी होते.

अडचण वळणाची आहे. ट्रॅक्ट्रिक्स शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये जो गर्रकन बाहेर वळतो, तो पाकळीला झेपत नाही. पातळ प्लायला मागून करवतीच्या चिरा देऊन वाकवले तरी तिथे ती मोडते. त्यामुळे पाकळीवाले एकतर एक्स्पोनेन्शियल वक्र घेतात, किंवा पाकळ्या त्रिज्या १४-१५ होईपर्यंत नेऊन पुढे कड्यांचा ओठ जोडतात. मी दुसरा मार्ग घेतला. लाकूड दाखवायचे असेल तर पाकळ्या कराव्यात, नुसते ऐकायचे असेल तर कड्या बऱ्या.

बारा बाजूंचा आणि पूर्ण गोल कर्णा यांच्या मोजमापात मला दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.


पेठेतला

फार माहितीपूर्ण धागा आहे. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. कर्ण्यानेच सगळे करायचे तर खर्जही कर्ण्यातूनच का काढू नये? क्लिप्श यांचा कोपऱ्यात बसणारा कर्णा घरासाठीच होता ना?


मंद्रसप्तक (धागाकर्ता)

होय, पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी १९४६ साली त्याचे उत्पादन सुरू केले. त्यांच्या युक्तीचे मोल आकड्यांवरून चांगले कळते.

४० हर्ट्झची तरंगलांबी ८.६ मीटर आहे. वरचाच संकेत लावला तर कर्ण्याच्या तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर होतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५.९ चौरस मीटर. घसा ३०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर लांबी ३.६ मीटर. हा कर्णा घरात येणार नाही, घरालाच त्याच्यात जावे लागेल. पण तोच खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीला टेकवून ठेवला, की दोन भिंती आणि जमीन मिळून ध्वनीला अवकाशाच्या आठव्या भागात कोंडतात आणि तोंडाचे क्षेत्रफळही आठव्या भागावर, म्हणजे पाऊण चौरस मीटरच्या खाली येते. लांबी २.२ मीटरवर येते आणि घड्या घालून ती कपाटाएवढ्या पेटीत बसवता येते. भिंती हाच कर्ण्याचा पुढचा भाग होतो.

मात्र त्यासाठी दोन मोकळे, सारखे आणि भक्कम कोपरे लागतात. आपल्या सदनिकांत एका कोपऱ्यात बाल्कनीचे दार आणि दुसऱ्यात शोकेस असते. म्हणून खर्जासाठी मी १५ इंची वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) साध्या बास-रिफ्लेक्स पेटीत (हवेसाठी भोक ठेवलेल्या पेटीत) घ्यावा या मताचा आहे. ९६-९७ डेसिबलचा वूफर मिळतो आणि ८ वॅटवर तो घरात पुरून उरतो.


डेसिबल_देशपांडे

वूफरचा विषय निघाला म्हणून जोडकामाबद्दल, म्हणजे वूफर कोणत्या स्वराला थांबतो आणि कर्णा कुठे सुरू होतो याबद्दल लिहितो, कारण कर्ण्याचे बहुतेक प्रकल्प सुतारकामात नव्हे तर इथे फसतात.

३०० हर्ट्झचा कर्णा ३०० पासून वापरायचा नसतो. मर्यादेच्या जवळ तोंडाकडून ध्वनी परावर्तित होऊन आलेखात चढउतार दिसतात आणि त्या मर्यादेखाली पडद्यावर भारच उरत नाही. निदान दीडपट, शक्यतो दुप्पट वर जोड घ्यावा. त्यातही १ इंची ड्रायव्हरचा (कर्ण्याच्या घशामागे बसणाऱ्या ध्वनी देणाऱ्या युनिटचा) पडदा साधारण ४४ मिलिमीटरचा असतो, त्याला ८०० हर्ट्झच्या खाली राबवणे बरे नव्हे. आल्टेकचा ८११ कर्णा ८०० हर्ट्झला जोडण्यासाठीच होता.

९०० हर्ट्झच्या आसपासचा जोड इथे आणखी एका कारणाने योग्य ठरतो. ९०० हर्ट्झची तरंगलांबी ३८ सेंटिमीटर आहे, १५ इंची वूफरचा व्यास तेवढाच आहे आणि आपल्या कर्ण्याचे तोंडही जवळपास तेवढेच. त्यामुळे त्या स्वराला दोघेही ध्वनी सारख्याच रुंदीने फेकतात आणि बाजूला बसलेल्या माणसालाही जोड जाणवत नाही.

एक उणीव मात्र आधीच सांगून ठेवायला हवी. ट्रॅक्ट्रिक्स वरच्या स्वरांना अरुंद झोतात सोडतो. ८-१० हजार हर्ट्झला खुर्ची बाजूला सरकवली तरी झांजेची चमक कमी होते. अनेकांनी मिळून ऐकायचे असेल तर डॉन कील यांनी १९७० च्या दशकात पुढे आणलेल्या, सर्व स्वर सारख्या कोनात पसरवणाऱ्या जातीचा कर्णा घ्यावा, पण त्याला वरचे स्वर उचलणारा इक्वलायझर द्यावा लागतो. एकट्याने ऐकणाऱ्याने ट्रॅक्ट्रिक्स घ्यावा आणि दोन्ही कर्णे आत, आपल्या खुर्चीकडे वळवावेत.


कोकणी_माणूस

फणसाबद्दलचे उत्तर पटले, प्लाय आणतो. मंडपवाल्यांकडे भोंग्याचे जुने युनिट स्वस्तात मिळते. ते घशाला लावले तर?


मंद्रसप्तक (धागाकर्ता)

@कोकणी_माणूस, ती युनिट्स भाषण आणि आरती दूरवर पोचवण्यासाठी केलेली असतात. त्यांचा पडदा जाड आणि टिकाऊ असतो, पण वरचे स्वर त्यांत नसतातच, त्यामुळे तानपुऱ्याची जवारी ऐकू येणार नाही. कर्णा जमला की नाही एवढे पाहायला ती ठीक आहेत. संगीतासाठी टायटॅनियम किंवा पॉलिएस्टरच्या पडद्याचा १ इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर घ्यावा. बोल्टने बसणाऱ्या अनेक ड्रायव्हरना ७६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर एम-सिक्सचे दोन बोल्ट लागतात. त्यासाठी शेवटच्या कडीचा बाहेरचा व्यास ११ सेंटिमीटर ठेवावा आणि बोल्ट थेट प्लायमध्ये न पिळता पितळी आट्याच्या बुशी बसवाव्यात.

ड्रायव्हरचे तोंड आणि कर्ण्याचा घसा बोटाने चाचपावे. नखाला पायरी लागली, तर तिथे काम बाकी आहे असे समजावे. १० हजार हर्ट्झची तरंगलांबीच साडेतीन सेंटिमीटरहून कमी असते, आणि अडीच सेंटिमीटरच्या घशात एक मिलिमीटरची पायरीही तिथे परावर्तन घडवते.


पेठेतला

कर्ण्याचा ड्रायव्हर १०८ डेसिबल आणि वूफर ९६, हे एकत्र कसे वाजवायचे? आणि ड्रायव्हर जळू नये म्हणून काय करावे?


डेसिबल_देशपांडे

कर्ण्याकडचा आवाज दोन रोधांनी कमी करावा. आपला फरक १२ डेसिबलचा आहे. ८ ओहमच्या ड्रायव्हरला मालिकेत ६ ओहम आणि समांतर पावणेतीन ओहम लावले की १२ डेसिबल उतरतात आणि ॲम्प्लिफायरला पूर्वीसारखेच ८ ओहम दिसतात. कानाला मात्र यापेक्षा एखाददोन डेसिबल अधिक उतार बरा वाटतो. कर्णा 'कर्कश' असल्याच्या बहुतेक तक्रारी मुळात तो मोठ्याने लावल्याच्या असतात.

संरक्षणाचा मुद्दा दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणि डिजिटल विभाजक (सिग्नलचे खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारे उपकरण) वापरणाऱ्यांसाठी अधिक गंभीर आहे, कारण तिथे ड्रायव्हर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो आणि बटण दाबताना होणारा 'धप्' आवाज नाजूक पडदा फाडू शकतो. मालिकेत ४७ ते ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. ८ ओहमला तो ४०० हर्ट्झच्या आसपास उतार सुरू करतो, म्हणजे ९०० च्या जोडात फारसा लुडबुडत नाही. उंची ऑडिओ कपॅसिटर या मूल्यात महाग पडतात. वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरला लागणारा ५० मायक्रोफॅरडचा मोटर-रन कपॅसिटर पॉलिप्रॉपिलिनचाच असतो, कोणत्याही फ्रिज-एसी दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतो आणि इथे उत्तम चालतो.


रंधा_पटाशी

एक शेवटची शंका. कर्ण्याचा पडदा वूफरच्या मागे ४३ सेंटिमीटरवर जाईल. त्याचा परिणाम होत नाही का?


मंद्रसप्तक (धागाकर्ता)

होतो, आणि तो मोजता येतो. ४३ सेंटिमीटर म्हणजे सव्वा मिलिसेकंद, आणि ९०० हर्ट्झला ते एक तरंगलांबी आणि वर थोडे होते. डिजिटल विभाजक असेल तर वूफरला तेवढा विलंब द्यावा. नसेल तर कर्णा वूफरच्या पेटीवर सुटा ठेवून पुढे-मागे सरकवता येईल अशी घोडी करावी. कर्णा पेटीच्या पुढे बराच डोकावला तरी बिघडत नाही, दिसायला मात्र घरच्यांची संमती लागते.

नेमकी जागा सापडवण्यासाठी रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्रॅम आणि एक मोजमापाचा मायक्रोफोन पुरतो. मायक्रोफोन ऐकण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवावा. कर्ण्याच्या तारा मुद्दाम उलट जोडून मोजणी घ्यावी. जोडाच्या ठिकाणी आलेखात खड्डा दिसेल. कर्णा एकेक सेंटिमीटर सरकवत हा खड्डा जिथे सर्वांत खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा होईल, तिथे दोन्ही ध्वनी एकाच वेळी पोचत आहेत असे समजावे. मग तारा पुन्हा सुलट कराव्यात आणि घोडीवर पेन्सिलीने खूण करून स्क्रू आवळावेत.